शेषेरावांच्या घरविक्रीची मोहीम आणि आडावरील लढाई

श्रीरिकामारांजण प्रसन्न. शके एकोणीसशे चार, वैशाख मास, मुक्काम लातूर. ते समयी पाऊस दोन साल रुसोन बैसला होता आणि लातूर नवा जिल्हा होणार ऐसी खबर मुलखात उठली होती. त्या धामधुमीत तहसील कचेरीचे सेवानिवृत्त पेशकार राजश्री शेषेराव यांनी राहते घर केव्हा विकावे याची मसलत मांडिली, तिची हकीकत लिहिली असे. ज्यास खोटी वाटेल त्याने आपले घर विकोन पाहावे.

घर विकोन नांदेडास चिरंजीवांच्या क्वार्टरात जावे आणि नळाचे पाणी प्यावे, ऐसा रावांचा मनसुबा. जिल्हा जाहीर होण्याआधी विकावे तर भाव पडता, नंतर विकावे तर तोवर अंगणातील आड कोरडा हे जगजाहीर होणार. मग राव रोज सकाळी विक्रीचे फर्मान काढीत आणि सायंकाळी रद्द करीत. कबिला केवळाबाईसाहेब यांचा साफ इनकार होता. चाळीस वर्षांची गल्ली सोडोन नांदेडात भिंतींशी बोलावे काय, ऐसी त्यांची अर्जी. ती रावांनी दफ्तरी टाकिली.

इतक्यात निलंग्याचे गूळव्यापारी धोंडप्पा यांचा खलिता आला की, आडास पाणी असल्यास आजच बोलणे पक्के करू. मग केवळाबाईसाहेबांची स्वारी बाजारास निघताच रावांनी बैलगाडीवरोन चार टिपाडे पाणी आणविले आणि आडात रिचविले आणि गाडीवानास शपथ घालोन रवाना केले.

बाईसाहेब परतल्या आणि आडात डोकावल्या आणि हर्षे ओरडल्या, "अगं पारूबाई, आडाला झरा फुटला! घागरी घेऊन या गं समद्याजणी!"

मग शेजारीण पारूबाई आघाडीस आणि मागे अवघी गल्ली, घागरी, कळशा, डालड्याचे डबे ऐसा सरंजाम घेवोन आडावर चालोन आली. रावांनी तोंड उघडावे तर कपट उघडे पडते, म्हणोन खांबास टेकोन लूट पाहत राहिले. बाईसाहेब दिलदार, आधी गल्लीचे भरो, आपले मागून, ऐसा त्यांचा हुकूम.

धोंडप्पा आले तो भरल्या घागरींची रांग बाहेर पडते आहे. बहुत खूश जाहले आणि ओसरीवर बैसोन सौदा मान्य केला आणि पाणी मागितले. पाहुण्यास पाणी दिल्यावाचोन बोलणे पक्के कैसे होणार? रांजण रिकामा. रावांनी पोहरा सोडिला, तो गाळ वर आला. तेव्हा पारूबाई घरून तांब्या घेवोन धावल्या.

धोंडप्पा पाणी पिऊन पुसते जाहले, "आड तुमचा, आन् पाणी शेजारचं? हे कसं वो?"

पारूबाई भाबडेपणे वदल्या, "ह्यांचंच हाय की! आत्ताच आडातून नेलं. लई ग्वाड निघालं, समदं खरडून नेलं आमी!"

धोंडप्पांनी टोपी चढविली आणि निलंग्याकडे कूच केले. रावांस टिपाडांची कबुली देणे प्राप्त जाहले. गल्ली पोट धरोन हसली. मग गुपचूप घरोघर गेली आणि एकेक तांब्या भरोन आणोन ओसरीवर ठेविती जाहली. चौतीस तांबे. राव गहिवरले आणि त्यांस स्वतःची बहुत लाज वाटली.

बाईसाहेबांचे फर्मान सुटले, "आता ज्याचा तांब्या त्याला देऊन या."

राव निघाले, परंतु दर घरी बसवोन घेतले, अर्धा कप चहा पाजिला, गुडघ्याची चौकशी केली. मोहिमेस सात दिवस लागले. आठव्या दिवशी घर विकणे नाही ऐसे पत्र नांदेडास चिरंजीवांस गेले. श्रावणात जिल्हा जाहला, भाव चढला, दलाल आले. रावांनी त्यांस चहा पाजोन वाटेस लाविले.

येणेप्रमाणे लातूर मुक्कामी केवळाबाईसाहेबांची फत्ते आणि शेषेरावांची पुरती शिकस्त जाहली, आणि शिकस्त खावोन इतका खूश जाहलेला गडी या कलमाने दुसरा पाहिला नाही.