खारीच्या शेंगा आणि फौजदारांचं प्रशिक्षण

बाळांनो, नीट मांडी घालून बसा, आणि मधे मधे प्रश्न विचारू नका. एका जंगलात कोळ्यांनी मोठं जाळं विणलं होतं. प्रत्येकाच्या घरात त्याचा एक धागा जात असे. धागा हलवला की निरोप पोचायचा. धागा होता चिकट, त्यामुळे हलवणाऱ्याचा एखादा केस त्याला चिकटून राहायचा. तिकडे मात्र कोणी बघत नसे. सगळे निरोप वाचण्यात गर्क होते.

त्या जंगलात शेवंताबाई नावाची खार राहायची. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिने ढोलीभर भुईमुगाच्या शेंगा साठवल्या होत्या. पदरात पिल्लं होती.

एक दिवस धागा हलला. निरोप आला, "आपली ढोली आज बंद होणार आहे. चालू ठेवायची असल्यास दाराचा परवलीचा शब्द ताबडतोब कळवा."

शेवंताबाई घाबरली. तिने शब्द कळवला. तो शब्द 'खार' होता, पण ते जाऊ द्या. पिल्लांना घेऊन ती पाण्यावर गेली आणि येऊन बघते तो ढोली रिकामी.

ती तडक फौजदारांकडे गेली. फौजदार म्हणजे रानडुक्कर.

"साहेब, शेंगा गेल्या. पिल्लं उपाशी आहेत. धाग्यावर चोराचा केस असेल, तेवढं बघता का?"

"बाई, नशीबवान आहात," फौजदार म्हणाले. "उद्या आमचं त्याच विषयाचं प्रशिक्षण आहे. प्रात्यक्षिकाला धागा हवाच होता. तुमचाच घेऊ."

शेवंताबाईला वाटलं, देव पावला. भोळी होती बिचारी.

प्रशिक्षण द्यायला शेजारच्या जंगलातून बगळा आला होता. सभेच्या जागी आग पेटवायला बंदी, म्हणून समईत काजवा बसवून उद्घाटन झालं. भाषणं लांबली तसा काजवा उठून गेला.

मग बगळा म्हणाला, "पुराव्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. पण हे प्रात्यक्षिक आहे. तेव्हा प्रत्येकाने हात लावून बघा."

सगळ्यांनी लावला. अस्वल हवालदारांनी धागा ओढून बघितला, मग चाटून बघितला. वानर शिपाई फोटोसाठी त्याला लोंबकळला. फौजदारांनी पाठ खाजवून घेतली. बगळा म्हणाला, "शाब्बास."

तेवढ्यात चहा आला. चहापाण्याची व्यवस्था उदमांजराकडे होती. चहाबरोबर शेंगदाण्याचे लाडू होते. वास आला आणि कोपऱ्यात बसलेल्या शेवंताबाईचे कान उभे राहिले.

"साहेब, हे लाडू माझ्या शेंगांचे आहेत. चुलीमागे टरफलं पडलीत. त्यांच्यावर माझ्या पिल्लांचे दात उमटलेत. या ना, दाखवते."

"बाई, आपला विषय धागा आहे," फौजदार म्हणाले. "टरफलं पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात आहेत." आणि त्यांनी आणखी एक लाडू घेतला.

चहा झाल्यावर धाग्याची तपासणी झाली. फौजदारांचे राठ केस निघाले. अस्वलाचे मूठभर, वानराचे थोडे, बगळ्याचं एक पीस, उदमांजराचे काही आणि खारीचा एक.

"तपास करणाऱ्यांचे वगळा," बगळा म्हणाला.

वगळले.

"उदमांजराच्या केसांचं काय करायचं?" वानराने विचारलं.

"अरे, त्यांनी एवढी सोय केली. ते आपल्यातलेच," फौजदार म्हणाले.

तेही वगळले. मग सगळ्यांनी शेवंताबाईकडे बघितलं.

"अहो, धागा माझ्याच घरातला आहे," ती म्हणाली. "माझा केस त्याला असणारच की."

"कबुलीही मिळाली," अस्वल हवालदार बोटं चाटत म्हणाले.

बगळ्याला गहिवरून आलं. पहिल्याच दिवशी आरोपी सापडण्याइतके हुशार विद्यार्थी त्याला आजवर मिळाले नव्हते. सर्वांना प्रमाणपत्रं वाटली गेली. उदमांजराला शाल आणि श्रीफळ मिळालं.

शेवंताबाईला स्वतःच्याच शेंगा चोरल्याबद्दल आत टाकलं. तिची पिल्लं दाराशी रडत उभी होती. फौजदार मनाने वाईट नव्हते. ताटात एक लाडू उरला होता, तो त्यांनी पिल्लांना दिला आणि म्हणाले, "आईसारखं वागू नका हो."

तात्पर्य: गुन्ह्याच्या जागी आपला केस सापडला तरी घाबरू नये. चहापाण्याचं कंत्राट मात्र आपल्याकडे असावं.