बटणावरची गाडी

परीक्षा तासाभरावर आली होती आणि गाडी ‘टक्’च्या पुढे काही बोलत नव्हती.

“घाबरू नकोस,” बॉनेटमध्ये डोकं खुपसलेले यजमान म्हणाले. “बॅटरी ठणठणीत आहे. स्टार्टरपर्यंत वीज पोचत नाहीये, एवढंच. वायरी घासून परत लावल्या की झालं.”

बाई घाबरल्या नव्हत्या, नुसत्या हात जोडून उभ्या होत्या. गाडी चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास होऊनही त्यांनी नाद सोडला नव्हता. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याकडे जायचं म्हटलं की नेमकी यजमानांची पाठ धरायची. परवाना मिळाला, तर कुणाच्या पाठीवर अवलंबून राहायला नको होतं.

गाडी इतकी जुनी, की सगळ्या वायरींचा रंग उडून त्या एकजात मातकट झाल्या होत्या. यजमानांनी चारपाच सोडवल्या, घासल्या आणि जिथे पोचतील तिथे लावल्या.

“हं, फिरव किल्ली!”

बाईंनी किल्ली फिरवली. हॉर्न असा केकाटला, की यजमानांचं डोकं बॉनेटवर आपटलं.

“अहो, हे काय?”

“थांब जरा. आता हॉर्न दाब बघू.”

हॉर्न दाबला आणि गाडी गुरगुरत सुरू झाली.

“उलटं झालंय हो!”

“उलटं कसलं, सुरू झाली ना? आता हात लावला तर आहे तेही जाईल. हॉर्नने सुरू करायची, किल्लीने वाजवायची. चल, बस.”

“आणि चालत्या गाडीत चुकून हॉर्न दाबला तर?”

“स्टार्टरचे दात पडतील. दाबायचा नाही!”

परीक्षा घेणारे साहेब शेजारी येऊन बसले. “करा सुरू.”

बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि हॉर्न दाबला.

“या गाडीला बटण?” साहेब सावरून बसले.

“ह्यांनी केलंय. आज सकाळीच.”

वळणावर एक सायकलवाला आडवा आला. बाईंचा हात हॉर्नपर्यंत गेला, तिथून मागे फिरला आणि त्यांनी किल्ली पिळली. हॉर्न वाजला, सायकल बाजूला झाली. साहेब किल्लीकडे बघतच राहिले.

“अस्सं! म्हणजे चोराने किल्ली फिरवली, की गाडीच बोंब ठोकणार! वा, काय डोकं चालवलंय!”

बाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. गाडी चालवताना बोलू नये, असं ह्याच साहेबांनी मागच्या खेपेला बजावलं होतं.

बाई पास झाल्या. उतरल्यावर साहेबांनी यजमानांचा हात हातात घेतला. “माझीही गाडी अशीच म्हातारी आहे हो. तेवढी बटणावर करून द्या.”

“त्यात काय!” यजमानांची छाती शर्टात मावेना.

सुट्टीच्या दिवशी साहेबांची गाडी दारात आली आणि बाई आपली गाडी घेऊन माहेरी गेल्या. दुपार टळल्यावर यजमानांचा फोन आला. बाईंनी गाडी कडेला उभी करून तो उचलला. आवाज अगदी बारीक.

“अगं, सकाळपासून वायरी इकडच्या तिकडे करतोय. काय वाट्टेल ते केलं तरी ही किल्लीनेच सुरू होते! साहेब माझ्या डोक्याशी उभे आहेत. आपली गाडी असती, तर बघून तरी चुकलो असतो. कधी येतेस?”

बाईंनी शेजारी पाहिलं. आई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती आणि बोटाने समोरचा रस्ता दाखवत होती.

“एवढ्यात नाही हो,” बाई हळूच म्हणाल्या. “आई उतरायलाच तयार नाही.”