वस्तू क्रमांक ४१२, स्थान : उजवा डोळा

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा जिल्ह्याला लागणारी सगळी कार्यालयं आली, आणि मग न लागणारीही आली. जिल्हा सुसूत्रता कार्यालय हे त्यातलंच. ते कापसाच्या एका जुन्या गोदामात भरायचं. इतर कार्यालयांच्या कामात सुसूत्रता आहे की नाही हे पाहणं एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी दर सोमवारी साडेअकराला वरिष्ठांबरोबर व्हिडिओ बैठक व्हायची.

अशाच एका बैठकीत वरिष्ठांना श्रीकांतबाबूंच्या चष्म्याच्या काचेत क्रिकेटचा सामना दिसला. श्रीकांतबाबू अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मान डोलावत होते, त्यामुळे चेहऱ्याबद्दल तक्रार नव्हती. दोष चष्म्याचा ठरला. आठवड्याभरात आदेश आला की बैठकीला बसणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांवर काच असू नये, आणि ज्यांना चष्म्यावाचून दिसत नाही त्यांना कार्यालयानं मऊ कॉन्टॅक्ट लेन्स पुरवाव्यात. सामना पाहू नये, असं आदेशात कुठं म्हटलेलं नव्हतं.

कार्यालयात चष्मेवाले पाच होते. लेन्स निवडायची म्हणजे डॉक्टरकडं जायचं, नंबर तपासायचा, बुबुळाचा गोलावा मोजायचा, डोळा कोरडा पडत नाही ना ते बघायचं. खरेदी समितीला हा सरळसरळ पक्षपात वाटला. एकाच कार्यालयातल्या माणसांना वेगवेगळ्या ताकदीचं साहित्य देऊन उद्या तक्रारी ओढवून घ्यायच्या कशाला? तेव्हा पाचही जणांच्या नंबरांची बेरीज करून तिला पाचानं भागलं आणि उणे सव्वादोनच्या पाच जोड्या, प्रत्येकाच्या नावानं एकेक, मागवल्या. डब्या उघडण्याआधी त्या नंबरचा चष्मा लावून पाहिल्यावर चौघांना दार आणि भिंत यांतला फरक कळेना, म्हणून त्यांना वैद्यकीय कारणावरून सूट मिळाली. पाचवी प्रणाली घागरे, सहायक ग्रेड तीन. तिचा नंबर नेमका उणे सव्वादोन होता. सरासरीत बसणारा माणूस अखेर सापडला, याचा साहेबांना इतका आनंद झाला की पुढच्या सगळ्या बैठका त्यांनी तिच्या नावावर लावून टाकल्या.

प्रणाली सौंसरहून रोज बसनं यायची. तिची नोकरी अजून कच्ची होती. परिवीक्षा संपायला चार महिने राहिले होते आणि तोवर सेवापुस्तिकेत एकही वाईट शेरा पडून चालणार नव्हतं. लेन्स मात्र तिला मनापासून आवडली. चष्म्याखालचं पोरीचं नाक बारा वर्षांनी नीट पाहायला मिळालं, असं तिची आई कुसुमताई म्हणाली. डबीबरोबर आलेला कागद प्रणालीनं पाठ केला. हात साबणानं धुवून कोरडे करायचे, लेन्स तळहातावर ठेवून द्रावणानं चोळायची, डबीतलं द्रावण रोज नवं घालायचं, नळाचं पाणी लागू द्यायचं नाही, लेन्स घालून झोपायचं नाही आणि तीस दिवस झाले की ती फेकून द्यायची. शेवटची एक गोष्ट सोडली तर सगळं तिच्या हातात होतं.

शेवटची गोष्ट गुलाबभाऊंच्या हातात होती. गुलाबभाऊ म्हणजे कार्यालयाचे नाझर, सगळं सामान त्यांच्या ताब्यात. माणूस शंभर नंबरी प्रामाणिक. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एक खिळा हरवला नव्हता, कारण जी वस्तू येईल तिच्यावर ते पांढऱ्या ऑइल पेंटनं नंबर घालत. खुर्च्या, कपाटं, माठ, माठावरचं झाकण, सगळ्यांना नंबर होते. प्रणालीच्या लेन्सवर नंबर घालायलाही ते सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आले. ती रडकुंडीला आली तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं नंबर डबीच्या झाकणावर घातले, उजवीला ४१२ आणि डावीला ४१३. मग रजिस्टर उघडलं. वस्तू कुठं ठेवली आहे, असा त्यात एक रकाना होता. त्यांनी थोडा विचार करून लिहिलं : उजवा डोळा, डावा डोळा.

त्या दिवसापासून गुलाबभाऊ रोज सकाळी तिच्या दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून वस्तू जागेवर असल्याची खात्री करू लागले. एकदा लेन्स डबीत सापडली तर वस्तू नेमून दिलेल्या जागी नाही म्हणून तोंडी समज मिळाली. स्वतःच्या पैशानं नवी आणून घालावी, तर सरकारी जागेत खाजगी सामान ठेवल्याचा ठपका आला असता.

एकतिसाव्या दिवशी लेन्स फेकायची परवानगी मागायला ती गेली, तेव्हा गुलाबभाऊंना खरंच वाईट वाटलं. चांगल्या घरची पोरगी अशी कशी बोलते, असा त्यांचा चेहरा झाला.

"मॅडम, चष्मा अन् त्याच्यासारख्या सामानाचं आयुष्य तीन वर्षं लिहून हाये," ते म्हणाले. "तुम्ही महिन्यातच फेकून राहिल्या."

"पण भाऊ, डबीवर तीस दिवस लिहून हाये ना जी."

"डबीवर कंपनीनं लिवलं. रजिस्टरात आपण लिवलं."

कपाटात उरलेल्या चार जोड्या तशाच बंद पडून होत्या, सगळ्या तिच्याच नंबरच्या. त्यातली एक द्या, असं तिनं सुचवलं. त्या दुसऱ्यांच्या डोळ्यांच्या नावानं आलेल्या आहेत, असं गुलाबभाऊंनी समजावलं. शेवटी तिनं अर्ज केला आणि अर्ज निर्लेखन समितीकडं गेला. निकामी सरकारी वस्तू रजिस्टरातून कमी करायच्या तर ही समिती बसावी लागते. समितीत साहेब, गुलाबभाऊ आणि श्रीकांतबाबू असे तिघं होते. तिघंही एकाच खोलीत बसत, त्यामुळे बैठकीला मुहूर्त लागायला त्रेचाळीस दिवस गेले.

समिती बसली तेव्हा प्रणालीचा उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला होता. त्यातून सारखं पाणी गळत होतं आणि खिडकीकडं बघवत नव्हतं. साहेबांनी आस्थेनं चौकशी केली. मग मुद्द्यावर आले.

"या लेन्समधून दिसतं का?"

"दिसते साहेब, पण डोळा लई दुखून राहिला."

"फाटली आहे? चिरली आहे?"

"नाही."

"म्हणजे वस्तू चांगली आहे. डोळा खराब आहे. आणि डोळा आपल्या रजिस्टरात नाही."

समितीनं सहानुभूतीपूर्वक विचार करून ठराव केला. वस्तू क्रमांक ४१२ वापरण्यायोग्य असल्यानं ती सध्या निर्लेखित करता येत नाही. तथापि, सदर कर्मचाऱ्याचा उजवा डोळा भविष्यात पूर्णपणे निकामी झाल्यास वस्तू आपोआप निरुपयोगी ठरेल, आणि त्या वेळी निर्लेखनास समितीची कोणतीही हरकत राहणार नाही. ठरावाच्या तीन प्रती निघाल्या. एक प्रणालीला मिळाली, आणि ती तिला डाव्या डोळ्यानं वाचावी लागली.

दोन दिवसांनी सकाळी तिचा उजवा डोळा उघडेना. पापण्या चिकटल्या होत्या. आदल्या रात्री सुजलेल्या डोळ्यातून लेन्स निघालीच नव्हती. कुसुमताईनं ऑफिस, रजिस्टर, परिवीक्षा असलं काहीही ऐकून घेतलं नाही आणि पोरीला नागपूरच्या पहिल्या बसमध्ये बसवलं. सावनेर गेलं, तरी प्रणाली पदर डोळ्यावर धरून बसली होती. एका डोळ्यानं दिसेनासं झालं तर आपल्याला कायम करतील का, हाच विचार तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होता. डोळ्याची भीती त्या विचाराच्या मागं उभी होती, आणि ती फार मोठी होती.

पांढुर्ण्याला, म्हणजे दरवर्षी गोटमार करणाऱ्या गावात, नोकरी आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी दगड लागला का असं विचारलं. लेन्स शहात्तर दिवसांची आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी दिवा जवळ ओढला. त्यांनी लेन्स काढली. बुबुळावर जखम झाली होती. आणखी दोन दिवस थांबला असतात तर तिथं कायमचा पांढरा डाग राहिला असता, असं त्यांनी सांगितलं तेव्हा कुसुमताई खुर्ची धरून खाली बसली आणि प्रणाली रडू लागली. रडता रडता तिनं लेन्स परत मागितली. जंतू कोणते ते कळायला ती प्रयोगशाळेत पाठवायची आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग पावती द्या, ती म्हणाली. डॉक्टरांनी वीस वर्षांत पहिल्यांदा एका वापरलेल्या लेन्सची पावती लिहिली.

डोळा वाचला. तीन आठवडे तासातासाला औषध घालावं लागलं. गुलाबभाऊ तिला बघायला संत्र्यांची पिशवी घेऊन सौंसरला आले, सवयीनं डोळ्यात वाकून पाहिलं, आणि डोळा रिकामा बघून गलबलून गेले. पावती हातात पडल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ४१२ समोरचा उजवा डोळा खोडून 'प्रयोगशाळा, नागपूर' असं लिहिलं आणि शेजारी सही केली. जोडीतली एक नसल्यानं ४१३ दोन मिनिटांत निर्लेखित झाली. वरिष्ठांनी दरम्यान बैठकीत कॅमेरे बंद ठेवायला सांगितलं होतं. प्रणाली यथावकाश कायम झाली, सेवापुस्तिका कोरी राहिली.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा लेन्स घालायला परवानगी दिली. या वेळी प्रणालीनं नागपूरला जाऊन डोळे नीट मोजून घेतले आणि स्वतःच्या पगारातून स्वतःची लेन्स घेतली. महिन्याभराचीच. रोज हात धुतले, रोज द्रावण बदललं. तिसाव्या दिवशी रात्री काढून ठेवली. एकतिसाव्या दिवशी सकाळी आरशासमोर ती बोटावर घेतली आणि उजेडात धरली. कुठं फाटलेली नव्हती, चिरलेली नव्हती. आरपार लख्ख दिसत होतं.

"चांगली तर हाये," ती आईला म्हणाली. "आणखी पंधरा दिवस सहज जाते."

"मंग कायले फेकतं?" कुसुमताई म्हणाली.

या ठरावाला अर्ज लागला नाही आणि बैठकही लागली नाही. दोन मतांनी तो मंजूर झाला, आणि प्रणालीनं लेन्स डोळ्यात घातली.

समितीला नावं ठेवून झाली असतील, तर जरा उठा आणि आपल्या फ्रिजच्या दारात बघा. लोण्याच्या डब्यामागं डोळ्यांत घालायच्या औषधाची एक बाटली असेल, गेल्या वर्षी डोळे आले होते तेव्हाची. उघडल्यापासून महिन्याभरात फेकून द्यावी, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. पण राहू द्या. चांगलीच असेल ती अजून.