आपोआप उगवलेला गहू

रस्त्याकडच्या शेतात सूनबाई गवतातच गहू पेरत होती आणि आप्पा फाटकाशी उभे राहून कोणी येतंय का ते बघत होते. जशी काही चोरीच चालली होती! शेत स्वतःचं, बियाणं स्वतःचं, सूनही स्वतःचीच, तरी आप्पांचा जीव नुसता टांगणीला लागलेला.

त्याला कारण होतं. आप्पा म्हणजे सरळ तासांचा माणूस. त्यांनी नांगरलेलं शेत बघायला लोक सायकलवरून खाली उतरायचे. गवताचं पातं दिसेल तर शपथ, आणि नांगराची तासं अशी की दोरी लावून बघा. आता अशा माणसाच्या घरात सून आली, ती म्हणते काय, "आप्पा, यंदा नांगरूच नका."

"मग पेरायचं कुठे? माझ्या डोक्यावर?"

"गवतातच! थंडीत हे गवत झोपतं. गायींनी ते आखूड चरून ठेवलंच आहे. आपण नुसती बारीक चीर पाडायची, दाणा आत सोडायचा. गहू कापून निघाला की ऊन वाढतं, गवत पुन्हा जागं होतं. मुळं मातीला धरून ठेवतात. मागच्या पावसात तुमची नांगरलेली माती ओढ्याला गेली, तशी जाणार नाही."

हे शेवटचं आप्पांना बोचलं, कारण ती माती ओढ्यातून परत आणायला ते स्वतः घमेलं घेऊन गेले होते. मुलाकडे बघितलं, तर तो चहात बिस्किट बुडवण्यात गर्क. बायको आणि बाप भांडत असले की त्याला हटकून भूक लागायची.

"बरं," आप्पा म्हणाले. "रस्त्याकडचं शेत घे. एकच हंगाम. गहू आला तर मागचं मोठं शेतही तुझ्या पद्धतीनं. नाही आला तर नांगर, आणि या घरात पुन्हा गवताचं नाव काढायचं नाही."

"कबूल!"

"आणि पेरणी बाजाराच्या दिवशी. तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं."

तर अशी ती पेरणी चाललेली. शेवटचं तास रस्त्याच्या कडेनं जात होतं आणि आप्पा एकदम ओरडले, "आलं! आलं कोणीतरी!" सूनबाई दचकली, हातातल्या पेरणीयंत्राचं चाक फिरलं आणि तास असं वळलं की वेलांटीच. आलं होतं कोण? शेजारच्यांचं दावं सोडून पळालेलं वासरू.

आता हे शेजारी म्हणजे रेडिओ. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागायचं. त्यांच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दूधडेअरीत, न्हाव्याकडे, ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीकडे, सगळीकडे वाजलेली असायची. थोड्या दिवसांनी ते फाटकाशी थांबलेच.

"आप्पा, या शेताला यंदा नांगर नाही? तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय! विश्रांती दिलीय शेताला."

"म्हणजे काही पेरलंच नाही?"

आप्पांनी मागे बघितलं. गहू बोटबोट वर आला होता, पण गवतात तोही गवतच दिसत होता. "छे. नुसतं गवत आहे."

झालं! एकदा बोललेलं निभवावं लागतं ना. मग आप्पांनी न्हाव्यालाही तेच सांगितलं, मिस्त्रीलाही तेच. सूनबाईनं ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आप्पा, खोटं बोलायला नांगरण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात हं." आणि नवऱ्याला घेऊन चार दिवस आईकडे गेली.

दुसऱ्याच दिवशी रेडिओ हजर. "आप्पा, आमचा चारा भिजून कुजला बघा. तुमचं गवत नाहीतरी पडूनच आहे. गायी सोडू का थोड्या?"

आप्पांच्या जिभेवर 'नको' आलं होतं. पण नको म्हटलं की हा 'का' विचारणार. का विचारलं की गहू बाहेर निघणार. आणि गहू निघाला की 'आप्पांनी गवतात गहू पेरला' ही बातमी अंधार पडायच्या आत मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत जाणार. तिथे आयुष्यभर आप्पांनी दुसऱ्यांच्या वाकड्या तासांवर विनोद केलेले.

"सोड," आप्पा म्हणाले. फाटकाची कडीही त्यांनीच काढली.

आणि गायींनी काय ताव मारला! कोवळा लुसलुशीत गहू! एक तांबडी तर आप्पांकडे बघून चक्क डोळे मिटून रवंथ करत होती.

सूनबाई परत आली ती फाटकातच थबकली. हातातली पिशवी हातातच.

"आप्पा, गव्हात गायी आहेत."

"हो."

"कोणी सोडल्या?"

"मी."

"का?"

"गवत आहे असं सांगितलं होतं ना."

ती भांडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं. पण ती नुसती फाटकाच्या दगडावर बसली आणि पदरानं डोळे पुसले. आप्पांनी काठी उचलली, गायी हाकलल्या आणि घरी जाऊन चहाला नको म्हणाले. आप्पा चहाला नको म्हणाले! सासूबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी सूनबाई शेतात गुडघे टेकून गव्हाची धाटं सोलून बघत होती. आप्पा मागे जाऊन उभे राहिले, गुन्हेगारासारखे.

"कांडी धरली नव्हती अजून, कोंब वर चढला नव्हता," ती म्हणाली. "नुसती पानं गेलीत. कोंब खाली जिवंत आहे. हे बघा."

आप्पांनी बघितलं. कोंब बघताना मातीही दिसली. काळी, भुसभुशीत, आणि तिच्यात दोन गांडुळं अशी ऐटीत चाललेली की बापजाद्यांचीच जमीन. आपल्या नांगरलेल्या शेतात गांडूळ शेवटचं कधी दिसलं, ते आप्पांना आठवेना. त्या दिवसापासून ते काही ना काही निमित्तानं तिकडे फिरकायला लागले. कधी चष्मा विसरला म्हणून, कधी काठी विसरली म्हणून, काठी हातात असताना.

आणि गहू फुटला! एकेका रोपाला गच्च फुटवे, वर भरलेल्या ओंब्या. आता लपवायचं कसं? रेडिओ फाटकाशी सायकल आडवी टाकून ओरडले, "आप्पा! तुमच्या गवताला गहू आला!"

संध्याकाळपर्यंत सगळी मंडळी कुंपणाला लटकलेली. न्हाव्यानं तर खिशात फणी तशीच ठेवलेली, अर्धं गिऱ्हाईक सोडून आलेला.

"पण आपोआप उगवला, तर सरळ ओळीत कसा?" मिस्त्रीला शंका आली.

"अहो, आप्पांची जमीन आहे!" रेडिओ म्हणाले. "तिला सरळ तासांची सवय! आपोआप उगवलं तरी सरळच उगवणार!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांनीही, चुकून. सूनबाईनं तेवढं बघितलं आणि घरात निघून गेली.

"मी ठरवलंय," रेडिओ छाती काढून म्हणाले, "येत्या हंगामात माझ्या सगळ्या शेतांत काही म्हणजे काही पेरायचं नाही. नुसत्या गायी सोडायच्या. बियाणं परत करून आलोय!"

हा वेडा खरंच वर्षभर गवताकडे बघत बसेल! एवढंच नाही, तर शेजारच्या दोघांनीही लगेच 'आम्हीपण' म्हणून हात वर केले.

"थांबा!" आप्पा फाटकाच्या दगडावर चढले. "गहू पेरलेला आहे. माझ्या सुनेनं पेरलाय. मी खोटं बोललो."

न्हावी म्हणाला, "काय माणूस आहे! सुनेचं कौतुक करावं तर असं."

"अरे, खरंच पेरलाय!"

"आप्पा," रेडिओ समजुतीच्या सुरात म्हणाले, "पेरलेल्या गव्हात कुठला शहाणा माणूस दुसऱ्याच्या गायी सोडेल?"

सूनबाई दारात येऊन उभी होती, हाताची घडी घालून. आप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या रस्त्याकडच्या ओळीकडे, आणि बोट दाखवलं.

"ते वाकडं तास बघा. कडेचं. ती नीट पेरत होती. मी लोकांच्या भीतीनं ओरडलो, म्हणून चाक फिरलं. ते वाकडं तास माझं आहे."

मिस्त्रीनं टोपी काढली. "आप्पा वाकडं तास स्वतःचं म्हणतायत," तो हळूच म्हणाला, "म्हणजे खरंच असणार बाबा."

रेडिओ तसेच सायकलवर बसून बियाणं परत आणायला सुटले. आणि सूनबाई? ती आत गेली आणि आप्पांसाठी चहा घेऊन आली. "मागचं मोठं शेत," आप्पा कप घेत म्हणाले, "बाजाराच्या दिवशी नको. चांगलं गर्दीच्या दिवशी पेरू."

तसंच पेरलं. आप्पा फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत होते, "माझी सून! गवतात पेरतेय!" लोक कंटाळून दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले.

गहू वीतभर झाला तशी सूनबाई म्हणाली, "आप्पा, कांडी धरायच्या आत रेडिओकाकांच्या गायी थोड्या फिरवून आणायला हव्यात. फुटवे छान येतात, आपण बघितलंच."

आप्पा लगेच शेजारी गेले. रेडिओंनी दोन्ही कानांना हात लावले. "पेरलेल्या गव्हात गायी? नाही हो आप्पा, पाप लागेल मला! मोकळं गवत असतं तर गोष्ट वेगळी."

आप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुंपणावरून वाकले आणि आवाज एकदम खाली आणला.

"अरे, तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "काही पेरलेलं नाही. नुसतं गवत आहे."