सहा चमच्यांचा आहेर

सार पिताना तुम्ही भुरका मारता का रे मुलांनो? खरं सांगा. आई आत पोळ्या लाटते आहे, तिला ऐकू जायचं नाही.

मारता ना? मग ही गोष्ट तुमचीच. आणि मारत नसाल, तर पाठ ताठ करून बसा आणि मध्ये बोलू नका.

एका जंगलात सगळेच भुरके मारायचे. वाघ मारायचा, ससा मारायचा. हत्तीनं भुरका मारला की वरच्या फांदीवरच्या माकडिणी पोरांना घट्ट धरून बसायच्या. वाटी उचलायची, तोंडाला लावायची आणि डोळे मिटायचे, एवढंच शास्त्र होतं. पाहुणा आवाज न करता सार प्यायला, तर घरची बाई घाबरी व्हायची. "मीठ विसरले की काय मी?"

त्या जंगलात यमूताई नावाची अस्वलीण राहायची. स्वभावानं गरीब. कुणी पायावर पाय दिला तरी "लागलं का हो तुम्हाला?" असं विचारणारी. तिच्या हातचं शेवग्याच्या शेंगांचं सार साऱ्या जंगलात नावाजलेलं होतं.

यमूताईला एकच मुलगी, शेवंती. वारूळ उकरण्यात पटाईत, मधाच्या पोळ्यावर चढण्यात त्याहून पटाईत. अशाच एका पोळ्यावर तिची आणि भैरू नावाच्या अस्वलाची गाठ पडली. दोघं एकदमच चढले, दोघांना एकदमच माश्या चावल्या, आणि सुजलेल्या तोंडानं दोघं एकमेकांकडे पाहून हसले. घरी येऊन शेवंती म्हणाली, "आई, लग्न करीन तर याच्याशी. नाहीतर जन्मभर वारुळं उकरीन."

"उकर की," यमूताई म्हणाली. पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. पोर हट्टी होती, आणि भैरूची आई साधीसुधी नव्हती.

भैरूची आई म्हणजे रोझीबाई. जन्मल्या तेव्हा त्या राही होत्या. मग सर्कशीत गेल्या, सात वर्षं राहिल्या आणि रोझी होऊन आल्या. भैरूचा बॉबी झाला. तीन वर्षांपूर्वी ती सर्कस बंद पडली आणि दोघं जंगलात परतली. येताना रोझीबाईंनी एक लाल-पिवळं गोल स्टूल आणलं होतं. कुठंही गेल्या तरी ते बरोबर. दगडावर म्हणून बसायच्या नाहीत.

"आमच्या सर्कशीत," असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. "आमच्या सर्कशीत उकडायचं ते सुद्धा वेळेवर उकडायचं हो!"

स्थळाचा निरोप घेऊन टिटवी आली. गुपित सांगायचं असलं की जंगलात सगळे टिटवीलाच गाठायचे, कारण मग ते दुसऱ्या कुणाला सांगावं लागायचं नाही.

"यमूताईऽऽ!" टिटवी नदीच्या पलीकडूनच ओरडली. "रोझीबाई रविवारी मुलगी बघायला येतायत! म्हणाल्या, मुलगी काळी असली तरी चालेल, केसाळ असली तरी चालेल!"

"अगंबाई, किती मोठं मन," यमूताई म्हणाली.

"पण एक अट आहे! त्या सूप घेणार. आणि सूपला कुठला चमचा घेतात, ते मुलीच्या घरी ठाऊक पाहिजे! नसेल, तर बोलणी तिथंच संपली!"

"सूप म्हणजे काय गं?"

"म्हणजे सारच! पण भुरका न मारता!"

यमूताई घरात धावली.

मग तिनं घरातले सगळे चमचे बाहेर काढले. एक लाकडी डाव निघाला. एक तेलाची पळी. एक कालथा, पण त्यात सार राहीना. मिठाच्या बरणीतला एक छोटा चमचा होता, त्याची दांडी शेवंतीनं लहानपणी चावून वाकडी केलेली. देव्हाऱ्यातली पळी यमूताईनं हातात घेतली आणि देवाकडे बघून परत ठेवली.

"आई, कशाला एवढं?" शेवंती म्हणाली. "भैरू तर माझ्यासारखाच पितो. त्याचा भुरका ऐकला नाहीस तू. काय भुरका आहे!"

"लग्न भुरक्याशी नाही करायचं, सासूशी करायचं असतं," असं म्हणून यमूताई शेजारी गेली.

शेजारी साळूताई साळिंदरीण राहायची. बोलायला अंगासारखीच काटेरी, पण अडीनडीला धावणारी. तिच्या बिळात वरच्या कोनाड्यात एक लाल मखमलीची पेटी होती. साऱ्या जंगलाला ती पेटी माहीत होती. आत काय आहे ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती कुणी उघडलीच नव्हती.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. त्या जंगलात लग्नाला आहेर द्यायची रीत होती आणि आहेर न उघडण्याचीही रीत होती. आलेली वस्तू कोनाड्यात ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायची. त्यामुळे जंगलात वस्तू थोड्या आणि आहेर पुष्कळ.

"चमचे असलेच तर हिच्यातच. हलवली की खणखणते. ही बघ," साळूताईनं पेटी खाली काढली. "माझ्या लग्नात आली. मी ती मुंगसाच्या लग्नात दिली. मुंगसानं घोरपडीच्या बारशाला दिली. घोरपडीनं आमच्या धाकट्या जावेला दिली, आणि जावेनं, मेलीनं, माझ्याच वाढदिवसाला मला परत दिली. वर म्हणते कशी, 'खास तुमच्यासाठी निवडून आणली हो, ताई!'"

पेटी उघडली. आत सहा चमचे. गोल, खोलगट, चकचकीत. यमूताईचा जीव भांड्यात पडला.

"साळू, हेच गं ते! नक्की हेच!"

"ने. पण सहाच्या सहा परत आले पाहिजेत. नाहीतर माझे काटे आहेत आणि तुझं नाक आहे."

यमूताईनं एक चमचा उलटा केला. दांडीच्या मागे बारीक अक्षरं कोरली होती. तिनं तोंडातल्या तोंडात वाचलं: 'सर्कशीचा भटारखाना. बाहेर नेण्यास सक्त मनाई.'

दुसरा चमचा पाहिला. तेच. सहाही पाहिले. सहांवरही तेच.

"साळू," यमूताईनं हळूच विचारलं, "तुझ्या लग्नात ही पेटी कुणी दिली होती गं?"

"राहीनं. म्हणजे तुमच्या त्या रोझीबाईनं. सर्कशीतून आल्या आल्या पहिलं लग्न माझंच होतं ना! का गं?"

"काही नाही," यमूताई म्हणाली आणि तिला घाम फुटला. चोरी दुसऱ्याची आणि घाम आपल्याला, असा तिचा स्वभाव.

घरी येऊन तिनं पेटी धान्याच्या कणगीमागे लपवली. पाहुण्याला घरी बोलावून त्याची चोरी त्याच्यासमोर मांडायची, हे कुठल्या आईबापांनी शिकवलं? छे! डाव आहे, पळी आहे, देव पाठीशी आहे.

रविवारी रोझीबाई आल्या. मागून बॉबी स्टूल घेऊन आला. स्टूल मांडलं, रोझीबाई त्यावर चढून बसल्या. टिटवी मध्यस्थ म्हणून आली. साळूताई आपल्या चमच्यांवर डोळा ठेवायला आली. शेवंती सार घेऊन आली. सहा वाट्या, वर तुपाची फोडणी, वास असा की रोझीबाईंचं नाक त्यांना न विचारता दोनदा हललं.

"आमच्या सर्कशीत," रोझीबाई म्हणाल्या, "सूप आधी दिसत नसे. आधी चमचा दिसे."

यमूताईनं डाव पुढे केला.

"हे काय? यानं मी सूप पिऊ की नदी उपसू?"

यमूताईनं पळी पुढे केली.

"ही तेलाची."

"घासलीय हो चांगली. राखेनं."

"तेलाची ती तेलाचीच."

यमूताईनं मिठाचा वाकडा चमचा पुढे केला. रोझीबाईंनी तो दोन नखांत धरून उंच उचलला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"याला चावलंय कुणी?"

"मी," शेवंती म्हणाली. "पाच महिन्यांची होते. दात येत होते."

"दात आलेले दिसतायत," रोझीबाई म्हणाल्या. "बॉबी, दाखव यांना चमचा कसा धरतात ते. आमच्या सर्कशीत याच्या चमच्याला टाळ्या पडायच्या, टाळ्या!"

बॉबी उठला. त्यानं डाव घेतला, नाकाच्या शेंड्यावर उभा केला, दोन्ही हात पसरले आणि एका पायावर गोल फिरला. एकदा. दोनदा. मग थांबून त्यानं तोंड उघडलं आणि डोळे मिटून वाट पाहत राहिला.

"हे काय करतोय?" साळूताईनं विचारलं.

"साखरेचा खडा मागतोय," शेवंती म्हणाली आणि खो-खो हसत सुटली. बॉबीही हसला. डाव पडला.

"अरे, तो वेगळा खेळ!" रोझीबाई लालेलाल झाल्या. म्हणजे झाल्या असतील. एवढ्या केसांत दिसत नाही. त्या स्टुलावरून उतरल्या. "माझ्या मुलाला हसणारी आणि चमचे चावणारी सून मला नको. बॉबी, स्टूल उचल. टिटवे, साऱ्या जंगलात सांग, बोलणी फिसकटली म्हणून."

टिटवीनं गळा साफ केला.

बॉबीनं स्टूल उचललं, पण पाय उचलेना. त्यानं शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीचं हसू थांबलं होतं. ती साराच्या वाटीत बघत होती, आणि वाटीत टप्पकन एक थेंब पडला. तो साराचा नव्हता.

यमूताईनं तो थेंब पाहिला. आईबापांनी काय शिकवलं होतं, ते तिला त्या घटकेला काही केल्या आठवेना. ती उठली. कणगीमागे गेली.

"रोझीबाई, जरा थांबा हो," तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आणखी सहा चमचे आहेत. कसे आहेत कोण जाणे. तुम्ही जाणत्या, तुम्हीच बघून सांगा."

पेटी तिनं आणलीच नाही. नुसते चमचे ताटात मांडून आणले, अक्षरं खाली.

रोझीबाईंनी लांबूनच ते चकचकीत गोल पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. "हां! बघा! याला म्हणतात चमचा! हा गोलावा बघा, ही खोली बघा. आमच्या सर्कशीत अगदी असेच…"

त्यांनी एक चमचा उचलला. दांडीची मागची बाजू समोर आली. वाक्य तसंच हवेत राहिलं.

"काय हो, काय झालं?" यमूताईनं विचारलं. "काहीतरी लिहिलंय वाटतं त्यावर. मला मेलीला जवळचं दिसत नाही."

"मी वाचतो!" बॉबीनं दुसरा चमचा उचलला. सर्कशीत तो अक्षरांचे पुठ्ठे ओळखायचा, त्याचा त्याला अभिमान होता. "भ… टा… र… खा…"

"बॉबी!"

"आई, हे आपल्याच…"

"बॉबी, तोंड मीट! आणि स्टूल खाली ठेव!"

टिटवी मान वाकडी करून दांडीकडे बघायला लागली. साळूताईचे काटे कुतूहलानं उभे राहिले.

रोझीबाईंनी चमचा ताटात ठेवला. अक्षरं खाली. दुसराही बॉबीच्या हातून घेऊन तसाच ठेवला. मग त्या स्टुलावर न बसता खाली, दगडावर बसल्या. दोन्ही पंजांनी वाटी उचलली, तोंडाला लावली, डोळे मिटले.

आणि असा भुरका मारला, मुलांनो, की वरच्या माकडिणींनी पोरांना घट्ट धरलं.

"मीठ अगदी बेताचं पडलंय," ओठ पुसत त्या म्हणाल्या. "चमच्यानं चव जाते हो साराची. मी नेहमी म्हणते, आपली रीत ती आपली रीत. काय गं शेवंती, अजून वाटीभर आहे का?"

"पातेलंभर आहे," शेवंती म्हणाली.

"मग वाढ की! लाजतेस काय? घरचीच झालीस आता."

टिटवी लगेच उडाली. बोलणी फिसकटली असं ओरडायला तिनं चोच उघडली होती, ती जमली असं ओरडत गेली. तिच्या धंद्यात हे चालतं.

पाहुणे गेल्यावर शेवंती वाट्या विसळत होती. "आई, तू मुद्दाम केलंस ना?"

"मी काय केलं? मी फक्त चमचे वाढले."

"आणि जवळचं दिसत नाही म्हणालीस. परवा माझ्या अंगावरची गोचीड काढलीस, ती कशी दिसली?"

"गोचिडीचं वेगळं असतं," यमूताई म्हणाली आणि कणगीमागे काहीतरी शोधायला लागली. तिथं आता काहीही नव्हतं.

साळूताईनं निघतानाच ती पेटी चमच्यांसकट शेवंतीला आहेर म्हणून देऊन टाकली होती. नाहीतरी ती आता कुणाला तरी द्यायचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांवर नावं घालणारा सुतारपक्षी आला, आणि पाच चमच्यांवरची जुनी अक्षरं ठोकून बुजवून त्यावर 'चि. सौ. कां. शेवंती हिस आईकडून' असं कोरून गेला; सहावा चमचा यमूताईनं त्याला दाखवलाच नाही, तो तिनं मिठाच्या बरणीत ठेवला.

तात्पर्य: चोरी करणं वाईटच. पण दुसऱ्यानं केलेली असेल, तर ती नीट पुसून जपून ठेवावी. आणि सूपसाठी योग्य चमचा कोणता, असं कुणी विचारलंच, तर सांगावं: जो पाहुण्यांनी पाहताक्षणी ओळखला, तोच.