फोन बंद ठेवून काढलेली कोंबडी

आमच्या अख्ख्या चिक्कडपल्ली मोहल्ल्यात चालू फोन स्वतःच्या हातानं बंद ठेवायची धमक असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे हा नामदेवराव! हसू नका. ही याच, अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट आहे. सात वर्षं अर्ज करून आलेला फोन! आमच्या बिल्डिंगमधला एकुलता एक! तो आला आणि वरच्या मजल्यापासून वॉचमन यादगिरीपर्यंत सगळ्यांनी माझा नंबर आपापल्या पाहुण्यांना देऊन टाकला. लग्नपत्रिकांवरसुद्धा माझा नंबर, पुढं कंसात 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन!

मला आधी बरं वाटलं. बायको, आमची शोभा, जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा ओमकार अमेरिकेत. म्हटलं, या निमित्तानं घरात माणसं येतील. आली की! "काका, फोन आलाय का?" म्हणत यायची, फोनशी बोलायची, फोनकडे बघून हसायची आणि जायची. माझ्याशी बोलायला कुणाला फुरसत? या घरात मी म्हणजे फोनचा वॉचमन!

बीपी वाढला. कोठी भागातला डॉक्टर म्हणाला, "रोज पंधरा मिनिटं फोन बंद ठेवा, आणि लहान पोरासारखी चित्रं काढा. चांगली नक्को, वेडीवाकडी!"

आता हे मला सांगावं? पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ट्रेसर होतो मी. दुसऱ्यानं काढलेल्या रेघांवरून रेघा ओढायच्या, हाच धंदा. धरणं काढली, कालवे काढले, पण स्वतःच्या मनानं एक कोंबडी म्हणून काढली नव्हती!

म्हणून रविवारी सकाळी नऊला रिसिव्हर काढून खाली लोंबकळत सोडला. दाराला आतून कडी घातली. वर किशनरावांचा टेपरेकॉर्डर ठणाणा करत होता, म्हणून दोन्ही कानांत कापूस कोंबला. घरातलं एकच टेबल, त्यावर फोन बसलेला, म्हणून मी फरशीवर पालथा पडलो आणि कोंबडी काढायला घेतली. ओमकारचा फोन दर रविवारी दहाला यायचा. तासभर होता हातात. पंधरा मिनिटं म्हणजे किती!

पहिली कोंबडी उंटावर गेली. दुसरीला तीन पाय झाले, पण तिच्या तोंडावर असा काही भाव आला, की मला एकट्यालाच खदाखदा हसू आलं! शोभा गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. मग तिसरी काढली. तिला लाल तुरा द्यायला तेलखडू बोटानं घासला. बोटं लाल, मनगट लाल, गालही लाल. हसून हसून दमलो आणि तिथंच चित्रावर गाल टेकून जरा डोळे मिटले.

तिकडं किशनरावांची लेक रेणुका नांदेडहून साडेदहाला फोन करणार होती. ते खाली आले, दार वाजवलं. मला काय ऐकू येणार, कपाळ! त्यांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. रिसिव्हर लोंबकळतोय, म्हातारा पालथा पडलाय, हात लाल!

झालं! यादगिरी आला, किशनरावांच्या विमलावहिनी आल्या, मागं अख्खी बिल्डिंग. किशनरावांनी खांदा लावला. कडी उपटून निघाली आणि किशनराव दारासकट आत! थेट माझ्या अंगावरून कोंबडीवर! त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर लाल तुऱ्याची कोंबडी उमटली, तीही उलटी.

मी दचकून जागा झालो. कानात कापूस, त्यामुळं नुसती तोंडं हलताना दिसत होती. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी तळपाय चोळले. विमलावहिनींनी कपाळावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू? मी डोळे पुन्हा मिटून घेतले. एवढी माणसं घरात, आणि एकालाही फोन करायचा नव्हता! थोडा वेळ तसंच पडून राहावंसं वाटलं, राहिलो.

शेवटी यादगिरीनं कानातला कापूस ओढून काढला.

"अहो, किती परेशान केलंत राव!" किशनराव ओरडले. "हे रक्त कसलं?"

"कोंबडीचा तुरा आहे तो," मी म्हणालो.

वहिनी आधी रडल्या, मग नवऱ्याच्या शर्टाकडं बघून पोट धरून हसल्या. सगळेच हसले. चहा झाला. मला वाटलं, आता बसतील घटकाभर. तेवढ्यात किशनराव म्हणाले, "आता दार उघडंच आहे, तर रेणुकाला एक फोन लावू का?"

रिसिव्हर जागेवर गेला, तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"पोरगा तिकडं घाबरून अर्धा झाला असेल हो!" म्हणत वहिनी गेल्या. मीही घाबरलो. तो दम देईल, रडेल, तर काय सांगायचं ते पाठ करत फोनपाशी बसलो. बारा वाजले. दोन वाजले. फोन वाजला दोनदा, दोन्ही वेळा दुसऱ्या मजल्यासाठी.

ओमकारचा फोन आला तो पुढच्या रविवारी, दहाच्या ठोक्याला.

"बाबा, त्या दिवशी फोन कितीदा लावला, सारखा एंगेज! कोणाशी बोलत होता एवढं?"

खरं सांगायचं होतं हो. पण म्हाताऱ्या माणसाची ऐट मेली कुठं जाते! "दोस्त मंडळी रे," मी म्हणालो. "सोडतच नव्हती!"

"वा! किती बरं वाटलं मला! तुम्ही एकटे म्हणून दर रविवारी जीव टांगलेला असायचा. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी निवांत झोपलो." पुढं म्हणाला, "मग आता महिन्यातून एकदा फोन केला तर चालेल ना?"

"हौ, चालेल की!" मी म्हणालो. "मला तरी कुठं वेळ असतो!"

आता मी रोज चित्रं काढतो, पण रिसिव्हर जागेवर ठेवून. कानात कापूस घालत नाही. दाराला कडीही लावत नाही. म्हणजे, किशनरावांनी ती अजून बसवून दिलेली नाही, आणि मीही आठवण केलेली नाही.