डॉक्टर राठोडांची बुटकी गाडी

आमच्या शेजारचे डॉक्टर राठोड रोज सकाळी अंगणात उकिडवे बसत आणि आपल्या मोटारीच्या पोटाखाली हात घालत. गाभण गाय तपासावी तसा. मग गुडघ्यावर हात देऊन उठत, हात झटकत आणि म्हणत, "उंचच हाय." जणू काही गाडी आपणहून थोडी बसेल, अशी त्यांना आशा होती.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी दारव्हा, नेर आणि आर्णी या तीन तालुक्यांतल्या गोठ्यांत गेली. माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलणं झाल्यामुळे त्यांची भाषाच तशी झाली होती. आमच्या हिला सर्दी झाली तर विचारायचे, "वैनीचं नाक ओलं हाय का कोरडं? चारा खातात ना बरोबर?" बायको गेली तेव्हापासून एकटेच राहतात. मुलगी बंगलोरला. घरात भांड्याचा आवाज आला की मला कळतं, डॉक्टरांनी खिचडी टाकली.

असा हा साधा माणूस निवृत्त झाला आणि नागपूरहून एक जुनी, पण ऐटबाज गाडी घेऊन आला. काळीभोर, लांबलचक, जर्मन. आमच्या गल्लीत वळताना तिला दोनदा मागेपुढे करावं लागलं. आम्ही सगळे पेढे खायला जमलो. डॉक्टरांनी पेढा हातात दिला आणि म्हणाले, "जनावर चांगलं हाय मास्तर, दार रुंद हाय. फक्त उंची कमी करा लागते."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

आमच्याकडे गाडी घेतली की माणूस पहिल्यांदा ती उंच करून घेतो. गावोगावचे गतिरोधक असे की चढताना आभाळ दिसतं आणि उतरताना डांबर. म्हणून लोक स्प्रिंगखाली रबरी ठोकळे बसवतात, मोठे टायर घालतात. आणि हा गृहस्थ आखूड स्प्रिंग कुठे मिळतील म्हणून विचारत फिरत होता.

"कायले पण, डॉक्टर?" मी विचारलं.

"शौक हाय."

साठी ओलांडलेल्या, धोतर उलटं नेसलं तरी न कळणाऱ्या माणसाला हा कसला शौक? गल्लीने आपापले अर्थ लावले. कोणी म्हणालं, एकटेपणाने डोकं फिरलं. पानठेल्यावर तर ठरलंच, की डॉक्टरांना रेसमध्ये उतरायचं आहे.

डॉक्टरांवर कशाचा परिणाम झाला नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "होत नाही असं काही नसते. अजून झालं नाही, असं असते." गाभ न धरणाऱ्या म्हशीबद्दल ते हे वाक्य आयुष्यभर म्हणत आले होते. आता स्प्रिंगबद्दल म्हणू लागले.

शोध सुरू झाला आणि मी उगाचच त्यात ओढला गेलो. कारण डॉक्टरांना एकट्याने प्रवास करवत नाही. शेजारी कोणी बसलेलं नसलं की ते गाडीशी बोलतात आणि वळण चुकतात.

दारव्ह्याच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि आदराने परत बंद केलं. यवतमाळला रशीदभाई नावाचे जुने मिस्त्री आहेत. ते म्हणाले, "डॉक्टरसाब, नवे कायले शोधून राह्यले? हेच स्प्रिंग कापून देतो. ग्राइंडर फिरवला की झालं."

"खूर कापला म्हणून घोडा बुटका होत नाही भाई," डॉक्टर म्हणाले, "लंगडा होते."

रशीदभाई हसले आणि त्यांनीच मग खरं सांगितलं, की कापलेलं स्प्रिंग खड्ड्यात गाडी उसळली की जागेवरून सुटू शकतं. अशा गाड्यांसाठी मुळातच आखूड घडवलेले स्प्रिंग मिळतात. पण बाहेरच्या कंपन्या बनवतात, आणि इथे तर कोणी ठेवत नाही.

नागपूरला एका चकचकीत शोरूममध्ये आम्हाला कॉफी मिळाली, स्प्रिंग मिळाले नाहीत. टाय लावलेल्या मुलाने समजावलं, "सर, इंडियन रोडसाठी कंपनीच गाडी उंच करून पाठवते."

"सीट किती खाली येईल ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

"सीट?"

हे मी प्रत्येक ठिकाणी ऐकलं. लोक बोलत गाडीच्या दिसण्याबद्दल, चाक आणि पत्र्यातल्या फटीबद्दल. डॉक्टर फक्त सीटचं विचारत. मला ते म्हातारपणाचं हटवादीपण वाटलं.

मग मुलीच्या मदतीने परदेशातून एक खोकं मागवलं. ते यायला कापूस वेचून संपला. डॉक्टरांनी कुंकू लावून खोकं उघडलं, रशीदभाईंनी गाडी उचलली, पुढचे स्प्रिंग नीट बसले आणि मागचे बसेनात. ते याच गाडीच्या दुसऱ्या, अलीकडच्या जातीचे होते.

त्या दिवशी परत येताना डॉक्टर गाडीशीसुद्धा बोलले नाहीत. मी धीर करून म्हणालो, "सोडा ना आता. चांगली चालते गाडी."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली. "मास्तर, तुमाले यायचं नसन तर नका येऊ. पण सोड म्हणू नका मले."

इतक्या कोरड्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. पुढच्या खेपेलाही मी गेलोच.

ती खेप हैदराबादची. अशीच गाडी असलेल्या एका पोराने हौसेने आखूड स्प्रिंग घातले होते आणि आता गाडी जागोजाग घासते म्हणून वैतागून काढले होते. डॉक्टरांनी त्याला इंटरनेटवर हुडकलं. पोराच्या कानात बाळी, दंडावर वाघ गोंदलेला. पांढऱ्या टोपीतले डॉक्टर बघून तो चक्रावला.

"अंकल, आप रेस लगाते क्या?"

"नहीं बेटा," डॉक्टर म्हणाले, "बैठना है."

चारही स्प्रिंग त्यांनी एकेक हातात घेऊन, बोट फिरवून तपासले. कुठे चीर नाही, गंज नाही. येताना डिकी रिकामी असूनही त्यांनी ते मागच्या सीटवर, चादर अंथरून ठेवले.

रशीदभाईंनी ते बसवले. गाडी जॅकवरून खाली आली आणि खरंच, बसलेल्या मांजरीसारखी दिसू लागली. सगळे बाजूने बघत होते. डॉक्टरांनी मात्र गॅरेजमधलं एक स्टूल उचललं, पुढच्या उघड्या दाराला चिकटवून ठेवलं, त्यावर बसले आणि पाय न टेकता, नुसत्या हातांवर सरकत सरकत सीटवर गेले. पुन्हा स्टुलावर आले. पुन्हा सीटवर गेले.

"जमते," ते म्हणाले. आणि टोपी काढून तिनेच तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "चला, आर्णीकडे जाऊन येऊ. तांड्यावर." प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासत होतं. डॉक्टर तिरकी घालत, दातओठ खात आणि "सोस माय, सोस" म्हणत. सोयाबीनची पोती लादलेली एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात एका घरासमोर गाडी थांबली. ओसरीवर चाकांच्या खुर्चीत एक धिप्पाड म्हातारी बसली होती. हातभर बांगड्या, कपाळावर ओढणी, नजर अशी की मी न विचारताच चप्पल काढली.

"माझी मोठी बहीण," डॉक्टर म्हणाले. "बाई म्हणतो आम्ही." आणि डिकीतून एक गुळगुळीत रंधलेली फळी काढायला गेले.

बाईंची सून, म्हणजे डॉक्टरांची भाचसून, माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिने हळू आवाजात सांगितलं. डॉक्टरांची आई लवकर गेली तेव्हा बाईंनीच या भावाला कडेवर वाढवलं, मजुरी करून शिकवलं. पुढे बाईंचं कमरेखालचं अंग गेलं. तरी लग्नाकार्याला जायच्या. एका लग्नात चार माणसांनी त्यांना जीपमध्ये उचलून ठेवलं. ओढणी निसटली, आणि मांडवातून कोणीतरी ओरडलं, "पोतं हळू ठेवा बे!" लोक हसले. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता मले कोणी उचलायचं नाई. माझी मी बसन, तवाच बाहेर निघन." तेव्हापासून त्या या ओसरीच्या पुढे आल्या नव्हत्या. "घरच्यांले वाटलं, राग हाय, उतरन," भाचसून म्हणाली. "मामांनी मातर खुर्चीची उंची मोजून नेली."

भाचसुनेने खुर्ची उतारावरून गाडीच्या दाराशी आणली. डॉक्टरांनी खुर्चीचा एका बाजूचा हात काढला, फळीचं एक टोक बाईंच्या मांडीखाली सरकवलं, दुसरं सीटवर टेकवलं. फळीला अगदी थोडा उतार आला, गाडीकडे.

बाईंनी फळीवर तळहात दाबला. थोड्या सरकल्या. अर्ध्यावर थांबल्या. दम लागला होता. डॉक्टरांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले.

"हात नको लावू," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हात मागे बांधले. मी त्यांच्या मागे उभा होतो. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने त्यांनी इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली.

बाईंनी दात आवळले, पुन्हा जोर केला आणि सीटवर जाऊन बसल्या. मग पाय एकेक करून हातांनी आत घेतले, ओढणी सारखी केली आणि दार स्वतः ओढून घेतलं. धप्प असा भारी आवाज झाला. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या होत्या.

डॉक्टर फिरून गेले आणि चाकामागे बसले. मला यायचा इशारा केला, पण मी म्हटलं, मी इथेच चहा घेतो.

"कुठं जायचं, बाई?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मान वळवून भावाचा चेहरा न्याहाळला. असा शेजारी, डोळ्यांच्या उंचीला तो त्यांना बऱ्याच वर्षांत दिसला नसावा.

"दाढी काहून नाई केली रे?" त्या म्हणाल्या. "जेवतो का नाई बरोबर? गाल पाह्य कसे बसले."

"केली वं बाई, सकाळीच केली," डॉक्टर हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले. किल्ली फिरवायची सोडून ते तसेच बसून राहिले, आणि बाई त्यांना रागवत राहिल्या.